मशीनला दिलेली उपोषणाची नोटीस

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. माझे वडील, आप्पा, दौंडला रेल्वेत ट्रॅकवर कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं काढायचे. पाण्याचं पत्रक, शिष्यवृत्तीचं पत्रक, स्मशानभूमीच्या रस्त्याचं पत्रक. गुलाबी, पिवळे, पोपटी पातळ कागद. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे मला आलेला पहिला जोडशब्द ‘जाहीर निषेध’ हा होता.

घरात काही हवं असेल तर तोंडी मागायची पद्धत नव्हती. चौथीत असताना मी आप्पांना निवेदन दिलं होतं. विषय : शाळेच्या सहलीस परवानगी मिळणेबाबत. शेवटी लिहिलं होतं, ‘अन्यथा मी लोकशाही मार्गाने जेवणार नाही.’ आप्पांनी ते दोनदा वाचलं, कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला आणि दुसऱ्या प्रतीवर सही करून मला पोच दिली. कागद मिळाल्याची सही म्हणजे पोच. ती घेतल्याशिवाय कुठल्याही दारातून हलायचं नाही, हे मला तेव्हाच कळलं. आई चुलीजवळून म्हणाली, “मीठ संपलं तरी आता अर्जच करते मी.”

अशा घरातून मी शिरूरला नोकरीला लागले, रोज एसटीनं जाऊन-येऊन, ती ऑनलाइन जाहिरातीच्या ऑफिसात. खाली पशुखाद्याचं दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि आमचे सर. सर माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे. पण बाहेरच्या फ्लेक्सवर ‘शिरूर व दौंड तालुक्याचे अधिकृत जाहिरात प्रतिनिधी’ असं लिहिलेलं होतं. कुणाचे प्रतिनिधी, ते नव्हतं. ‘अधिकृत’ हा शब्द फ्लेक्सवाल्यानं सुचवला होता, जागा उरली होती म्हणून.

पहिल्या दिवशी सरांनी काम समजावलं. “लेख माणसांसाठी लिहायचा नाही. सर्च इंजिनसाठी लिहायचा. ‘शिरूरमधील सर्वोत्तम पशुखाद्य’ हे एका लेखात अकरा वेळा आलं पाहिजे.”

“आणि माणसानं वाचलं तर?”

“माणूस वाचत नाही. माणूस खाली जाऊन फोन नंबर बघतो.”

अकरा वेळा मी ते लिहिलं. बाराव्या वेळी हात थांबला. दुसऱ्या दिवशी मी खालच्या दुकानासाठी लेख केला, त्याचं नाव ‘म्हशीचं दूध आटलं, जबाबदार कोण?’ त्यात लिहिलं, ‘पशुपालक बंधूंनो, आधी म्हशीला पोटभर स्वच्छ पाणी द्या, मग खाद्याच्या पोत्याकडे बघा.’ दुकानदार जिना चढून वर आला. “म्हंजी माझ्या पैशानं माझंच गिऱ्हाईक पाण्यावर धाडतीस व्हय?” पण कसं कोण जाणे, सर्च इंजिननं तो लेख सगळ्यात वर नेऊन ठेवला. लोक विचारत दुकानात यायला लागले. सरांनी मला एकच सूचना केली, “तुझी भाषा चालतीय. फक्त शेवटी ‘अन्यथा’ लिहीत जाऊ नकोस.”

आता अभ्यासिकेविषयी सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी घडलं.

दौंडला आमच्या वॉर्डात विहाराच्या मागे एक खोली आहे. खोली एका जुन्या संस्थेची. निवृत्त झाल्यावर आप्पांनी तिथं टेबलं, दोन पंखे आणि पुस्तकं गोळा करून अभ्यासिका सुरू केली. ज्यांच्या घरी एकाच खोलीत सहा माणसं आणि टीव्ही असतो, अशी पोरं-पोरी तिथं येऊन परीक्षांचा अभ्यास करतात. मीही तिथंच बसून पदवी केली. संस्थेनं कळवलं की रविवारी सचिव पाहणीला येतील. त्या दिवशी चाळीस वाचक दिसले तर खोली अभ्यासिकेकडे राहील. नाहीतर ती एका जिमला द्यायची आहे. पत्र आलं तेव्हा हातात पंधरा दिवस होते आणि नियमानं येणारे वाचक होते अकरा.

आप्पांनी अर्थातच पत्रक काढलं. पुण्याहून येणाऱ्या गाडीला स्टेशनबाहेर उभं राहून वाटलं. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, “घेतात सगळे. मग त्यानं मोटारसायकलची सीट पुसतात.”

मी म्हटलं, “आप्पा, ऑनलाइन जाहिरात करू. सरांना विचारलंय, ऑफिसच्या खात्यातून सोडायला तयार आहेत.”

“वाटणार कोण?”

“मशीन वाटतं. कुणाला द्यायचं ते आपण सांगायचं. वय, गाव, आवड.”

“आवड?”

“म्हणजे ज्याला अभ्यासाची आवड आहे त्यालाच दिसेल.”

आप्पांचा चेहरा लाल झाला. “निवडून निवडून वाटायचं? पत्रक समोर येईल त्याच्या हातात द्यायचं असतं. ज्याला आवड न्हाई त्यालाच तर द्यायचं. आवड असलेला काय, येतोयच की.”

मला मनातून पटलंच होतं. मी वय सगळं ठेवलं, आवडीचा रकाना मोकळा सोडला, नकाशावर दौंडभोवती मोठं वर्तुळ काढलं. सर डोकं धरून म्हणाले, “यात ऊसतोडीवाले येतील, ट्रकवाले येतील, ऐंशी वर्षांचे आजोबा येतील.”

“येऊ द्या की,” मी म्हटलं.

मजकूर आप्पांचा. ‘बेरोजगार तरुणांनो! किती दिवस पारावर बसणार? तुमचं टेबल, तुमचा पंखा, तुमची पुस्तकं वाट बघत आहेत.’ मी एक अक्षर बदललं नाही. पाच मिनिटांत जाहिरात नामंजूर झाली. कारण असं, की जाहिरातीत बघणाऱ्याच्या वैयक्तिक परिस्थितीचा उल्लेख आहे. म्हणजे ज्याला नोकरी नाही त्याला, ‘तुला नोकरी नाही’ असं म्हणायचं नाही.

मी घरी येऊन आप्पांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा चढवला. “नामंजूर कुणी केली?”

“कंपनीनं.”

“सही कुणाची हाय?”

“सही नसते, आप्पा. मशीन तपासतं.”

“मशीनवर कुणीतरी बसत असंलच की,” असं म्हणून त्यांनी कागद ओढला. मा. जाहिरात तपासणी अधिकारी साहेब, यांना सविनय सादर. विषय, संदर्भ, मुद्दे एक ते सात. मी तो मजकूर फेरतपासणीच्या खिडकीत टाइप केला आणि पाठवला. आप्पा हात पुढे करून उभे राहिले.

“काय?”

“पोच.”

मी सांगणार होते की पोच मिळत नसते, तेवढ्यात मोबाइल वाजला. ‘तुमची विनंती आम्हाला मिळाली आहे. तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.’

आप्पा खुर्चीत बसले. पुन्हा वाचायला लावलं. “एका मिनिटात? इथं टेबलाटेबलावर फिरून पोच घेतली मी. दोन-दोन महिने लागले. आन् ‘तुमचं म्हणणं महत्त्वाचं हाय’ असं एका साहेबानं लिहून दिलं न्हाई कधी.” मला दुसऱ्या दिवशी शिरूरहून त्याची प्रिंट काढून आणावी लागली. ती फाइलला लागली, आवक क्रमांकासह.

तीन दिवसांनी पुन्हा नामंजूर. आप्पांनी पहिलं स्मरणपत्र लिहिलं. एका मिनिटात पोच. दुसरं स्मरणपत्र. पोच. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून ते म्हणाले, “शब्दन् शब्द तोच हाय. कारकून आळशी दिसतोय. पण नम्र हाय.”

मी ऑफिसात रोज दुसऱ्यांचे शब्द बदलून बदलून जाहिराती मंजूर करून घेत होते. मला माहीत होतं काय करायचं. “आप्पा, फक्त पहिली ओळ काढू. ‘दौंडमध्ये अभ्यासिका उपलब्ध’ असं लिहू. लगेच होईल.”

“उपलब्ध,” आप्पा म्हणाले. त्यांनी तो शब्द जिभेवर फिरवला. “गाळा उपलब्ध. मंडप उपलब्ध. पत्रकातून माणसाला हाक मारायचीच न्हाई तर पत्रक कशाला? अभ्यासिकेच्या दारावर पाटी हाय की.”

रविवार सहा दिवसांवर आला होता आणि वाचक अकराच होते.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी आप्पांनी अंतिम नोटीस काढली. ‘शुक्रवारपर्यंत सदर जाहिरात मंजूर न झाल्यास शनिवारपासून आपल्या कार्यालयासमोर आमरण उपोषणास बसू. होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.’ संध्याकाळी घरी आल्यावर मी ती पाठवली. एका मिनिटात उत्तर आलं, ‘धन्यवाद! तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.’

आप्पा म्हणाले, “बघ, हरकत घेतली न्हाई.”

“आप्पा, त्यांचं कार्यालय परदेशात आहे.”

“तालुक्यात प्रतिनिधी कोण?”

उत्तर द्यायची गरजच नव्हती. ऑफिसच्या उद्घाटनाचा फोटो मीच त्यांना कौतुकानं दाखवला होता, फ्लेक्ससकट.

बुधवारी मी बाहेर असताना एक पाकीट ऑफिसात हातोहात पोचलं. सर फोनवर होते. त्यांनी कुरिअर समजून सही करून दिली आणि पाकीट खिडकीत ठेवलं. शनिवारी सकाळी मी दौंडहून एसटीनं शिरूरला उतरले, तर पशुखाद्याच्या दुकानासमोर सतरंजी, सतरंजीवर आप्पा. पहिल्या गाडीनं आले होते, मला न सांगता. मागे कापडी फलक, ‘मशीनच्या मनमानीचा जाहीर निषेध.’ हातात सरांची सही असलेली पोच.

दुकानदार पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, “माझा काय संबंध न्हाई. वरच्यांचं हाय. वरच्यांचं!” पण बसायची जागा त्याच्या दारात होती, त्यामुळे लोकांनी आपला अर्थ लावला. मांडवगण फराट्याहून एक मामा पेंड न्यायला आले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात रिकामं पोतं. ते आप्पांसमोर उकिडवे बसले.

“कोणत्या मशीनचं हाय? कडबाकुट्टीचं का?”

“जाहिरातीच्या मशीनचं,” आप्पा म्हणाले. “माझं पत्रक वाटत न्हाई ते.”

“म्हंजी बिघडलंय?”

“बिघडलं न्हाई. नामंजूर करतंय.”

मामा विचारात पडले. “आमचं मशीन बिघडलं तर मी लाथ घालतो त्याला. उपाशी बसून मशीनला काय कळणार वो?”

“साहेबालाबी कळत न्हाई,” आप्पा म्हणाले. “तरी बसतोच की.”

मामांना हे पटलं असावं. त्यांनी पोतं अंथरलं आणि शेजारी बसले. दहा मिनिटांनी हळूच मला विचारलं, “पोरी, म्हशीच्या पाण्याचा त्यो लेख तूच लिव्हलास ना? नात वाचून दाखवत हुती. दोन लिटरनं वाढलं दूध. दुकानात सांगू नको.”

वर गेले तर सर खिडकीतून बघत होते. ते पाकीट उघडून हातात धरलेलं. “तू कुणाच्या बाजूनं आहेस?” त्यांनी विचारलं.

“वडील आहेत माझे.”

“मी काय कंपनी आहे का? मी बारामतीचा, शिरूरला माझ्या मामाकडं राहतो. माझ्यासमोर उपोषण कसं करतात?”

“फ्लेक्स, सर.”

ते काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या लॅपटॉपवर लाल पट्टी आली. आमच्या खात्यातून वारंवार एकाच मजकुराच्या तक्रारी येत असल्यानं खातं बंद करण्यात आलं होतं. त्याच एका खात्यातून सरांच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या जाहिराती चालायच्या. मंगल कार्यालय, ठिबक सिंचन, दाताचा दवाखाना, खालचं दुकान. सगळं एका क्षणात बंद. सरांनी फोन लावला. ‘सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत,’ असं एक बाई सांगत राहिली. त्यांनी फेरतपासणीच्या खिडकीत लिहिलं. एका मिनिटात उत्तर आलं की त्यांचं म्हणणं महत्त्वाचं आहे.

अर्ध्या तासानं सर जिना उतरले, बूट काढले आणि सतरंजीवर आप्पांच्या शेजारी बसले. स्वतःच्या ऑफिससमोर, स्वतःच्या फ्लेक्सखाली. आप्पांनी सरकून जागा दिली.

“मागणी काय तुमची?” आप्पांनी विचारलं.

“खातं चालू करा.”

“लेखी हाय का?”

सरांनी नकारार्थी मान हलवली. आप्पांनी पिशवीतून कोरा कागद आणि कार्बन काढून दिला. दुपारपर्यंत जाहिरात बंद पडलेले एकेक गिऱ्हाईक विचारपूस करायला आलं आणि त्यातले बरेचसे बसले. शेवटी दुकानदारही बसला, पण दुकानाच्या पायरीवर, कारण त्याचा संबंध नव्हता. सरांनी बसल्या बसल्या मोबाइलवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. सवय. तासाभरात लोक सर्च इंजिनवर ‘शिरूर उपोषण’ शोधायला लागले आणि त्यांना सगळ्यात वर दिसत होता माझा लेख, ‘म्हशीचं दूध आटलं, जबाबदार कोण?’

चार वाजले. दुसऱ्या दिवशी रविवार, पाहणी. आप्पा दौंडला हवे होते. मी सतरंजीवर वाकून सांगितलं, “आप्पा, आता उठा. उद्या सचिव येणार.”

“लेखी आश्वासनाशिवाय उठता येत न्हाई.”

“इथं आश्वासन देणार कोण?”

“त्यो त्यांचा प्रश्न.”

ते हट्टानं बोलत नव्हते. आयुष्यात एकदाही ते लेखी आश्वासनाशिवाय उठले नव्हते, आणि जो एकदा तसा उठला त्याच्या पुढच्या उपोषणाला कुणी विचारत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी वर गेले. माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून कंपनीला लिहिलं : ‘आपण आमच्या मागणीकडे लक्ष देणार आहात किंवा कसे, हे कळवावे.’ एका मिनिटात उत्तर आलं, ‘आम्ही तुमच्या तक्रारीकडे नक्की लक्ष देऊ. हा संदेश संगणकाने तयार केला आहे.’ प्रिंट काढून मी धावत खाली आणली. मी काय करते आहे ते मला माहीत होतं. पण त्यात मी एक शब्दही घातला नव्हता.

आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं. “सही न्हाई.”

सर घाईनं म्हणाले, “आप्पा, संगणकाच्या पत्रावर सही नसते. लाइटबिलावर असते का?”

आप्पांनी विचार केला. लाइटबिलावर नसते. “‘नक्की’ लिहिलंय,” ते म्हणाले. “‘नक्की’ कुणी लिहून देत न्हाई.” मांडवगणच्या मामांच्या हातून त्यांनी लिंबू सरबत घेतलं. पेला तोंडाला लावण्याआधी ते सरांच्या मोबाइलकडे वळले आणि म्हणाले, “उद्या सकाळी नऊ वाजता दौंडला विहारामागं अभ्यासिकेत वाचायला या. बेरोजगारांनी या, रोजगारवाल्यांनीबी या.” थेट प्रक्षेपण चालूच होतं. ते तपासायला कुणी नव्हतं.

रविवारी नऊला अकरा नेहमीचे आले. मग सर आले, बंद जाहिरातींची सहा गिऱ्हाइकं घेऊन. त्यांना दुसरं काम नव्हतं. मंगल कार्यालयवाल्यानं खुर्च्या आणल्या. मामा नातीला घेऊन आले, ती बारावीला होती. वॉर्डातली काही माणसं आली, ज्यांनी काल आप्पांना मोबाइलवर उपाशी बसलेलं बघितलं होतं आणि ज्यांना ती खोली कुठं आहे हेच माहीत नव्हतं.

सचिव साडेदहाला येणार होते. दहा वाजता आप्पांनी रजिस्टर काढलं आणि जाहीर केलं, “नुसतं येऊन बसला तो वाचक न्हाई. एक पान वाचायचं, काय वाचलं ते मला सांगायचं, मग सही.”

“आप्पा!” मी जवळजवळ ओरडले. “चाळीस लागतात!”

“वाचक चाळीस लागतात. पाठिंबा देणारे न्हाईत.”

दातांचे डॉक्टर वैतागले, “अहो, मी डॉक्टर आहे.”

“मग तुम्हाला एक पान जड न्हाई.”

कुणी गाळत वाचलं, कुणी जोरानं. पशुखाद्यवाला एका पानावर वीस मिनिटं अडकला आणि म्हणाला, यात काहीतरी खरं आहे. दोघं-तिघं चहाच्या निमित्तानं गेले ते आलेच नाहीत. सचिव आले तेव्हा रजिस्टरमध्ये एकतीस सह्या होत्या. खोलीत माणसं मात्र पस्तीस होती आणि दारात आणखी पाच-सात. मी आप्पांच्या कानात म्हटलं, “मला धरा. मी सही करते. बाहेरच्यांना धरा.”

“घरचं माणूस धरायचं न्हाई,” ते म्हणाले.

सचिव वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी रजिस्टर उघडलं, सह्यांवरून बोट फिरवलं. “एकतीस?”

“एकतीस,” आप्पा म्हणाले.

“नियम चाळीसचा आहे.”

“माहीत हाय.”

मामांना राहवलं नाही. “साहेब, मी तासभर वाचतुय. चष्मा घरी राह्यलाय माझा. मला दीड धरा.”

सचिव हसले नाहीत. खोलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “या वर्षी मी बऱ्याच ठिकाणी पाहणीला गेलो. सगळीकडं बरोबर चाळीस होते. एकाच शाईत, बहुतेक एकाच हातानं. एकतीस मला कुणी दाखवले नाहीत.” त्यांनी पेन काढलं. “तीन महिने देतो. तेव्हा चाळीस दाखवा. खरे.”

“लेखी द्या,” आप्पा म्हणाले.

त्यांनी लेखी दिलं. आप्पांनी आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. मला रडू येत होतं आणि शेजारी सर मला विचारत होते, “‘एकतीस वाचक’ हा कीवर्ड कसा वाटतो?”

सोमवारी खातं चालू झालं. कारण कळवलं नव्हतं. बंद का केलं तेही नव्हतं कळवलं. त्याच दिवशी आप्पांची जाहिरात मंजूर झाली, पहिल्या ओळीसकट, जशीच्या तशी. आप्पांनी आभाराचं पत्र लिहिलं, मी ते पाठवलं. उत्तर एका मिनिटात आलं, ‘तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ आप्पा म्हणाले, “मोठ्या मनाची माणसं हायत,” आणि फाइल बंद केली.

जाहिरात आठवडाभर चालली. मोठ्या वर्तुळात, सगळ्या वयांना, आवड न बघता. आप्पा रोज दारात खुर्ची टाकून बसायचे. मामांची नात आता नियमानं येत होती, तिच्या दोन मैत्रिणी येत होत्या. पण त्या जाहिरात बघून आलेल्या नव्हत्या. रविवारी दुपारी मी अभ्यासिकेत होते, तेव्हा पहिला माणूस जाहिरातीवरून आला. कासुर्डीहून, एसटी बदलून. पंचाहत्तरीच्या पुढचे आजोबा, इस्त्रीचा सदरा, खिशात मोबाइल. दारात उभं राहून त्यांनी आप्पांना मोबाइलवरची ती ओळ दाखवली.

“हे तुमचंच ना? तिकीट फुकट हाय मला, म्हटलं बघून येऊ,” ते म्हणाले. “बेरोजगार हाय मी. तरुण न्हाई. चालंल का?”

आप्पा उठून उभे राहिले, आपली खुर्ची त्यांना दिली आणि मला म्हणाले, “रजिस्टर आण. आन् एक पान काढ, मोठ्या टायपातलं.”